चित्र आलं की कीबोर्ड

"अहो, दिवा लागतोय, सुरू होतानाचा सूरही वाजतोय, मग पडदा का काळा?"

"तेच शोधतोय ना तीन दिवस! मध्ये बोलू नकोस."

"मध्ये कुठे? मी पहिल्यापासून बोलतेय."

मागच्या खोलीत काका-काकूंची जुंपली होती. दोघांच्या मध्ये टेबलावर निळी, बोजड पेटी. खास चित्रं काढण्यासाठी बनवलेला जुना संगणक. कापड गिरणीत काकांनी त्यावर अठरा वर्षं पडद्यांच्या, चादरींच्या नक्ष्या काढल्या. विभाग बंद पडला तेव्हा साहेबांनी पेटी त्यांनाच देऊन टाकली. नक्ष्या सगळ्या आत. कागदावर एकही नाही.

सोमवारपासून मुलीला घरून काम करायला ही खोली हवी होती. रविवारपर्यंत चित्र दिसलं तर पेटी घरात राहील, नाहीतर भंगारात, असं ठरलं होतं. आज शनिवार.

जुना मॉनिटर कधीच मेला होता. नवा चपटा जोडला, तर अंधार. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "काका, ही जुनी मशीनं चित्राचा ताल, म्हणजे ओळ कधी सुरू करायची ती खूण, हिरव्या रंगाच्या तारेतूनच पाठवतात. तुमचा मॉनिटर तिथे बघतच नाही." त्याने हिरवं समजणारा मॉनिटर दिला. तरी अंधार. काकांनी केबल उलटसुलट करून पाहिली, पेटीला थोपटलं, मग आपलं डोकंच धरून बसले.

मुलगी चहा घेऊन आली. "बाबा, कीबोर्ड कुठेय?"

"कपाटात. टॉवेलात गुंडाळून ठेवलाय."

"लावला का नाही?"

"चित्रच नाही, तर टाइप काय करू? चित्र आलं की लावेन."

गिरणीत मशीन सुरू करायला ऑपरेटर असे. काका येत तेव्हा पडदा उजळलेलाच असायचा.

मुलीने दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन लावला. तो हसतच सुटला. सुरू होताना कीबोर्ड सापडला नाही, तर समोर कुणी बसलेलंच नाही असं मशीन धरून चालतं आणि पडद्यावर काही दाखवतच नाही.

"तीन दिवस समोर बसलोय की!" काका पेटीवरच डाफरले.

कीबोर्ड लावून पेटी पुन्हा सुरू केली. चित्र आलं. काकूंनी टाळी वाजवली.

काका मात्र एकेक नक्षी उघडू लागले. नऊशे नक्ष्या, नावांच्या जागी नुसते आकडे. ही पानांची आपली, की गिरणीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंची? त्याही याच पेटीवर काढत. ही लाटांची? लाटा आपण कधी काढल्या? एक नक्षी त्यांनी चार वेळा उघडली. बघताना वाटे आपली, बंद केली की वाटे नाही.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या.

"छान आहे. पण कुणाची?"

जेवायला हाक आली तेव्हा काका उठले. पेटीच्या तारा सोडवून त्यांनी ती उचलली आणि बाहेरच्या खोलीत आणली. जेवणाच्या टेबलावरची ताटं पेटीच्याच कडेने सरकवून तिथे ठेवली.

"एकेक बघायला वेळ लागणार," ते म्हणाले. "पेटी इथे राहील. आजपासून सगळ्यांनी खाली बसून जेवायचं."