फिदेलप्रसाद

“आली. चला.” एवढंच म्हणून ते उठायचे आणि तलासरीच्या बसकडे चालू लागायचे. डहाणूच्या खाडीवर, धक्क्याच्या टोकाला, मफलर गुंडाळून बसलेले ते म्हातारे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. ते मासळी घ्यायला येत नसत. एका बोटीची वाट बघत, आणि ती बोट त्यांची नव्हती.

आमची ओळख कासाच्या दवाखान्यातली. मी तिथे नर्स. मास्तर तलासरीजवळच्या झरीचे, दम्यासाठी भरती झालेले. शेजारच्या खाटेवर डहाणूचे एक तांडेल, मासेमारी बोटीचे कप्तान, चारोटीला जीप उलटून पाय मोडलेला. हाड जुळलं तरी पाय खाली टेकवायला तयार नव्हते. मुलगा बोट विकायला निघालाय, मग चालायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरांनी शाळेत इतिहास शिकवलेला. त्यांनी ‘फिदेल’ नावाच्या जुन्या फ्रेंच लढाऊ जहाजाची गोष्ट सुरू केली. शिडांवर चालणारी, दोन मजले तोफांची फिदेल आफ्रिकेला वळसा घालून आपल्या समुद्रात इंग्रजांशी लढायला आली होती. गोष्ट रोज थोडीच. जास्त मागितली की मास्तर म्हणायचे, “आज वारा पडलाय, तांडेल.” अख्खा वॉर्ड कान देऊन ऐकायचा. इंजेक्शनं द्यायला मला बरं पडायचं.

एक दिवस लढाईत फिदेलची डोलकाठी मोडली. तांडेल स्वतःच्या पायाकडे बघत म्हणाले, “मंग? संपलं तिचं?”

मास्तरांनीही त्या पायाकडे पाहिलं. “छे. नवी डोलकाठी बसवली. घरी गेली, पुन्हा समुद्रात उतरली.”

दुसऱ्या दिवशी तांडेलांनी पाय टेकवला.

खरं काय ते मास्तरांनी दवाखान्यातून घरी जाताना मला सांगितलं. इंग्रजांनी फिदेल पकडली, नाव बदललं, फ्रेंचांवरच सोडली. शेवटी शिडं उतरवून तिचा तुरुंग केला, मग सरपण. माणूस चालायला लागला, आणखी काय हवं, असं मी म्हटलं.

पण तांडेलांनी बोटीचा सौदा मोडला. वापीची नोकरी सोडून मुलगा त्याच जुन्या बोटीवर जाऊ लागला. मास्तर खरं सांगायला डहाणूला गेले, तर बोटीवर ताज्या रंगात नाव: फिदेलप्रसाद. तांडेलांनी फोडायचा नारळ त्यांच्याच हातात दिला. खरं सांगायचं राहूनच गेलं.

“पोरगा माझ्या थापेवर बसून समुद्रात जातो, सिस्टर,” ते मला म्हणाले. तेव्हापासून धापा टाकत, बस बदलत धक्क्यावर यायचे, पोरगा सुखरूप परतलेला बघायला. तांडेल सगळ्यांना सांगायचे, मास्तरांना बोटींचं भारी वेड.

मास्तर गेल्याचं कळलं, तेव्हा तांडेलांना सांगायला मी धक्क्यावर गेले. ते बराच वेळ जाळ्यावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “ती फिदेल आता कुठं असते, सिस्टर? विचारायचं राहिलं.”

मला माहीत होतं. बोटी खाडीत शिरत होत्या, त्यांची अजून नव्हती. माझी कासाची जीप सुटायला आली होती.

“तुमची बोट येऊ दे आधी,” मी म्हटलं आणि मास्तरांच्या जागी बसले.

जीप गेली. मग वळणावर बोट दिसली, पुढे मुलगा उभा.

“आली,” मी म्हणाले. “चला.”