बगलेतला फोटो

जैनथला आमच्या शेजारी एक घड्याळ दुरुस्त करणारा राहायचा. त्याच्याकडे लगेच फोटो देणारा जुना कॅमेरा होता. त्याची बॅटरी आमच्याकडे मिळेना, म्हणून त्याने खाली टॉर्चच्या सेलची डबी बांधली होती. थंडीत फोटो फिका येतो, म्हणून बाहेर आलेला कोरा कागद तो शर्टाच्या आत बगलेत दाबून उभा राही. "बोलू नका," म्हणे, "पिकून राह्यला." मला ते निव्वळ सोंग वाटे.

बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा मीच त्याला बोलावलं. फोटोचं खरं कारण बाबांना सांगायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं होतं.

"काऊन रे, माझा फोटो?" बाबांनी विचारलं.

"कॅमेरा नवा जोडला, काका. चालते का पाहून राह्यलो."

बाबांनी टोपी सरळ केली. "काढ. पण हाराले जागा ठेवजो."

त्याने बटण दाबलं, कागद बगलेत घातला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"झाला काय रे?"

"पिकून राह्यला, काका."

फोटो केव्हाच झाला असणार. पण तो हात उचलेना.