गालाला लागलेला कार्बन

शनिवारी दुपारी लॅबमध्ये मी एकटीच होते, आणि नेमका तेव्हाच आमचा कॅटॅलिस्ट चालला. वर्षभर ज्याने रडवलं, तोच...

सोपं करून सांगते. कार्बनची अतिशय बारीक पूड असते, दिसायला थेट काजळी. ती ॲसिडमध्ये उकळली की तिच्या अंगावर ऑक्सिजन बसतो आणि त्याला धरून धातूचे कण चिकटतात. रिॲक्शनला वेग देतात ते हे कण. आमचे मात्र एका वापरातच सुटून जायचे. शनिवारी पुन्हा पुन्हा वापरले, तरी जागचे हलले नाहीत.

आता हे सांगायचं कुणाला? साहेबांना मेसेज केला, त्यांनी अंगठा पाठवला. आई लातूरला, ताईच्या डोहाळजेवणाच्या गडबडीत... "बरं झालं बाई, जेवलीस ना?" म्हणाली आणि फोन ठेवला.

आमची कंपनी नवलाख उंबरे गावात; तिथून कंपनीच्या बसने तळेगावला आले. बसमध्ये दोघीतिघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आनंद चेहऱ्यावर दिसत असेल... विचारतील. कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं इथे राहून एक चांगली बातमी ऐकायला हक्काचं माणूस नाही, याचं फार वाईट वाटलं. बातमीसुद्धा नकोशी झाली.

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक मावशी करवंदं घेऊन बसतात, डोंगरावरच्या वाडीतल्या. मी वाकले तर म्हणाल्या, "आई आलीय व्हय गावाकडनं?"

"नाही. का हो?"

"मंग गालाला तीट कुनी लावली?"

मोबाइलच्या कॅमेऱ्यात पाहिलं. गालावर कार्बनचा हा एवढा ठिपका... ग्लोव्ह्जच्या हाताने खाजवलं असणार. (सेफ्टीवाल्यांनी ही ओळ वाचू नये.) म्हणजे बसमध्ये सगळ्यांना दिसलं होतं, सांगितलं कुणीच नाही.

"मावशी, हे कंपनीतलं आहे. आज माझं एक काम झालं..." म्हटलं आणि तिथेच उभ्याने सगळं सांगून टाकलं. पूड, ॲसिड, सुटून जाणारे कण. त्या करवंदांवरच्या माश्या हाकत ऐकत होत्या.

"मंजी, आता न्हाई सुटत?"

"नाही सुटत."

"लय ब्येस झालं की मंग." त्या इतकं मनापासून हसल्या की माझेच डोळे भरून आले. ते लपवायला मी रुमाल काढला आणि गाल पुसायला गेले, तर त्यांनी हात धरला.

"पुसू नगं. येवढं चांगलं झालंय, कुनाची नजर लागंल. आजच्या दिस ऱ्हाऊ दे."

घरी आले. कुलूप उघडलं, दिवा लावला, करवंदं धुतली. मग तोंड धुतलं... तेवढा एक गाल सोडून.