उंडीखालचा दगड

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा कार्यालय कुठलं, जेवणात काय, अशी बोलणी चालली होती. आई मधेच म्हणाली, "आत्याचा मान कवा देणार?" नवरीला आत्या नाही, असं आम्ही सोयऱ्यांना सांगून बसलो होतो. आईच्या लेखी आत्या होती. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. तीन वर्षांची होऊन ती कोकणात तापानं गेली आणि तिथंच तिला पुरली.

आमचं घर मूळचं मेंढपाळाचं. दिवाळी झाली की आईवडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे. कोकणात भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्रीची मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि त्याबद्दल भात आपल्याला, असा व्यवहार. मी झालो त्यानंतर खुटबावच्या वावराला पाणी आलं, वडिलांनी मेंढरं विकली आणि ऊस लावला. मी मेंढरामागं कधी चाललेलो नाही. रांजणगावला एका कंपनीत शिफ्टवर जातो, शिरूरला भाड्यानं राहतो, आणि मेंढरू मला ताटातच ओळखू येतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई खुटबावलाच असते.

मान मी पोचवायचा असं ठरलं, म्हणजे आईनं ठरवलं. शिरूरच्या बाजारातून तिनं स्वतः हिरव्या खणाचं परकर-पोलकं घेतलं, तीन वर्षांच्या पोरीच्या मापाचं. नातीला का, असं दुकानदारानं विचारलं तर लेकीला म्हणाली. सोबत एक नारळ दिला आणि जागा सांगितली. समुद्राकाठच्या त्या गावाबाहेर, खाडीच्या अंगाला, बांधावर उंडीचं मोठं झाड आहे, त्याच्या खालचं खाचर. मान पोचल्याचा फोन येईपर्यंत ती जेवणार नव्हती. तिला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, उपास करू नकोस म्हणून मी तिच्यावर ओरडलोसुद्धा. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.

दोन दिवसांची रजा टाकली आणि नाइट शिफ्ट संपवून तसाच एसटीत बसलो. पोचलो तेव्हा दुपार कलली होती. खाडीकडं सोड म्हटल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, कुठला रिसॉर्ट? तो मला एका लांबलचक भिंतीपाशी घेऊन गेला. तिथं उंडी नव्हती, बांध नव्हता, खाचर तर नव्हतंच. फाटकावरच्या वॉचमननं हिंदीत विचारलं, बुकिंग आहे का. मी नाही म्हणालो, त्यानं हातानंच जा म्हणून सांगितलं, मी परत रिक्षात बसलो. एवढाच माझा शोध. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठून विचारावं हे सुचलं नाही, असं नाही. सुचलं होतं. पण संध्याकाळची परतीची गाडी गाठायची होती, डोळे मिटत होते, आणि जी बहीण मी कधी पाहिलीच नाही तिच्यासाठी आणखी पायपीट करणं माझ्या जिवावर आलं.

मी समुद्रावर गेलो आणि नारळ पाण्यात टाकला. लाटेनं तो माझ्या पायाशी आणून टाकला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा टाकला आणि वळून चालू लागलो. चालता चालताच आईला फोन लावला.

"घावली का जागा?" तिनं विचारलं.

"घावली. उंडी हाय, उंडीखाली दगड हाय. नारळ ठिवला, परकर-पोलकं ठिवलं."

ती काही बोलेना. मला वाटलं फोन कट झाला.

"दगड हाय?" ती म्हणाली.

"हाय की. जुना झालाय, पन हाय."

"बरं झालं," ती म्हणाली. "जेवते आता."

वेळ मारून नेली म्हणून मी स्वतःवर खूष झालो, हे लिहायला लाज वाटते, पण झालो. त्याच खुशीत स्टँडवर गेलो तर घाटात कंटेनर उलटलेला. वर जाणाऱ्या सगळ्या गाड्या रद्द, आता उद्या दुपारनंतर बघा, असं कंट्रोलरनं खिडकीतून मान वर न करता सांगितलं. कंपनीत सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, समुद्रावर मजा चालली आहे होय.

एकट्या पुरुषाला लॉजवाले खोली देत नाहीत, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. दोघांनी तोंडावर नाही म्हटलं. तिसऱ्यानं आधार कार्ड उलटून पालटून पाहिलं आणि इकडं कशाला आलात विचारलं. बहिणीकडं आलो होतो, म्हणालो. मग बहिणीकडं का राहत नाही, असं त्यानं विचारल्यावर मी खिशातून आगाऊ पैसे काढून पुढं ठेवले. शेवटी खोली दिली, पण आतून कडी लावायची नाही या बोलीवर. एकटी आलेली माणसं खोलीत काय करून घेतात याचा त्याला अनुभव असावा.

दुसऱ्या दिवशी करायला काहीच नव्हतं. किनाऱ्यावर सगळे जोडीनं नाहीतर पोराबाळांसकट आलेले. एकटा माणूस बघितला की लोक त्याच्या हातात फोन देतात. मी तीन कुटुंबांचे फोटो काढून दिले. वाळत घातलेल्या मासळीच्या वासानं डोकं चढलं होतं. खोलीवर येऊन अंघोळीसाठी बॅगेतून टॉवेल ओढला, तर त्याच्याबरोबर परकर-पोलकं बाहेर आलं. घडीही मोडलेली नव्हती.

ते उंडीखाली ठेवलं असं मी आईला सांगून बसलो होतो. तेव्हा ते घरी नेता येणार नव्हतं. पहिला विचार आला तो हाच, की हे इथंच कुठंतरी टाकलं पाहिजे. बहिणीचा नव्हे, आईचाही नव्हे, माझी थाप उघडी पडेल याचा. मग कचऱ्याच्या डब्यापाशी दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. ते माप हातात फार लहान लागत होतं. शेवटी पिशवीत घालून खाडीकडं चालत निघालो. वाटेत टपरीवर चहा घेताना विचारलं, की ह्या रिसॉर्टच्या जागी पूर्वी कुणाची खाचरं होती. टपरीवाल्यानं समोरच्याच घराकडं बोट केलं.

ओटीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ऐंशीच्या घरातले. पूर्वी तुमच्या शेतात वरघाटची मेंढरं बसायची का, असं विचारल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. मी कोणाचा ते सांगितलं. त्यांना वडील आठवले, घोड्यावरचं बिऱ्हाड आठवलं, आणि मी काही न बोलता ती मुलगीही आठवली. पाणी आणून दिलं. पुरल्या जागेवर दगड ठेवतातच, हे धरून मी विचारलं, तिथं उंडीखाली दगड होता तो आता कुठं असेल?

"दगड?" ते म्हणाले. "दगड ठेवलाच नव्हता."

कोल्ह्यांचा फार सुळसुळाट होता त्या वर्षी, ते सांगू लागले. लहान पोर पुरलं की रात्रीत उकरायची. म्हणून तुमच्या वडिलांनी खोल खड्डा घेतला, माती लोटली आणि अंधार पडायच्या आत सगळी मेंढरं त्या जागेवर बसवली. तुमची आई मेंढरांच्या मधोमध बसली ती सकाळपर्यंत उठली नाही. मी पेज घेऊन गेलो होतो, ती तिनं घेतली नाही. उजाडल्यावर मेंढरं उठली तेव्हा सगळं खाचर एकसारखं तुडवलेलं, कुठं काय पुरलं होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

ते पुढंही बोलत होते, पण माझं लक्ष फोनवरच्या त्या गप्प बसण्याकडं गेलं होतं. दगड हाय, असं मी म्हणालो त्याच क्षणी आईला कळलं होतं. तिनं मला पुन्हा एकदा विचारून संधीही दिली होती. मी म्हणालो होतो, जुना झालाय, पन हाय. लहानपणी चोरी पकडली गेली तेव्हाही एवढी शरम वाटली नव्हती.

वडील पुढच्या वर्षी आले होते ना, मी विचारलं. मेंढरं विकेपर्यंत वडील दर हिवाळ्यात एकटेच खाली उतरायचे आणि तिथं नारळ ठेवून आलो म्हणून सांगायचे, एवढं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. म्हाताऱ्यांनी मान हलवली. त्यानंतर ते ह्या बाजूला कधीच फिरकले नाहीत, म्हणाले. दुसऱ्या गावांवरून जायचे.

ते काठी टेकत माझ्याबरोबर भिंतीपर्यंत आले. वाटेत सांगितलं की तो कोपरा त्यांनी बरीच वर्षं नांगरला नव्हता, पण मुलांनी जमीन विकायचं काढल्यावर त्यांचं काही चाललं नाही. उंडी तोडली, मातीचा भराव टाकला. भिंतीला एके ठिकाणी जाळीची खिडकी होती. तिच्यातून त्यांनी काठीनं दाखवलं. "तिथं कुठंतरी." तिथं निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव होता. रबरी टायर कमरेला घातलेली चार-पाच लहान पोरं त्यात ओरडत होती आणि त्यांच्या आया काठावर खुर्च्यांत बसल्या होत्या.

मी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसलो आणि हातानं माती उकरायला लागलो. भरावाचा मुरूम होता, नखं दुखावली. म्हाताऱ्यांनी काठीचं टोक पुढं केलं, त्यानं वीतभर खड्डा झाला. त्यात परकर-पोलकं ठेवलं आणि माती लोटली. नारळ नव्हता, तो मी कालच घालवून बसलो होतो. म्हातारे दुसरीकडं बघत होते. निघताना त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

संध्याकाळची गाडी मिळाली. शिरूरला न जाता थेट खुटबावला गेलो. रात्रभर गाडीत मनाशी ठरवत होतो की पोचल्या पोचल्या सगळं खरं सांगून टाकायचं. सकाळी घरी आलो तर शेजारच्या दोन बायका आईजवळ बसलेल्या, आणि आई त्यांना सांगत होती की दगड अजून हाय, पोरानं मान पोचता केला. तिनं माझ्याकडं बघून पुढं सांगितलं की उंडीबी हाय. त्या बायका उठून जाईपर्यंत मी दारातच बूट काढत बसलो.

मग तिच्यापुढं जाऊन बसलो. "आई, दगड न्हाई तिथं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मीच बसले हुते मेंढरात."

"मग फोनवर का न्हाई बोललीस?"

"काय बोलू? तुझा बा बी दर साली हेच सांगायचा. त्यो कवाच गेला न्हाई तिकडं. त्याच्यानं बघवत नव्हतं." तिनं पदरानं गुडघ्यावरची धूळ झटकली. "तू मान ठिवला म्हनलास. आन् मला लई भूक लागली हुती."

मी तिला सगळं सांगितलं. समुद्रात टाकलेला नारळ, म्हातारे, भिंत, खड्डा. वावर राहिलं नाही हेही सांगितलं. तिथं आता काय आहे, असं तिनं विचारलं. पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो, म्हणून तलावाचंही सांगितलं, आणि तिला जरा बरं वाटावं म्हणून पोरांचं सांगितलं. तिथं तिच्याएवढी लेकरं खेळत्यात, म्हणालो. ती एकटी न्हाई.

आई माझ्या हातांकडं बघत होती. नखांत अजून तो तांबडा मुरूम होता.

"पानी किती हाय?" तिनं विचारलं.

"कमरंएवढं असंल."

"ह्या थंडीत," ती म्हणाली. "कोल्ह्याचं निमित्त हुतं रं. ती गारठली हुती, म्हनून मेंढरं बसवली मी. मेंढराची लई ऊब आस्ती. आन् आता एवढं गार पानी हाय व्हय तिच्यावर."

परवा मला चालता चालता खोटं सुचलं होतं. आता तिच्यासमोर बसून एखादं शोधत राहिलो, पण काही केल्या सुचेना.