कुलकर्णींचे खडे, अण्णांची गोळी

किस्से जमवायला फार काही लागत नाही. रिटायर झालेली माणसं, फिरायला जायची ठरलेली वेळ आणि प्रत्येकाच्या खिशात एखादी गोळी, एवढं पुरतं. आमच्या मल्लेश्वरमच्या टोळीत या तिन्ही गोष्टी आहेत. त्यातही वसंतअण्णा आणि कुलकर्णी या दोघांचेच किस्से जास्त.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं. मराठी बोलता बोलता ते कन्नडमध्ये कधी शिरतात, त्यांचं त्यांनाही कळत नाही. कुलकर्णी पुण्याचे, मुलगा आयटीत म्हणून इथे आलेले. फिरून झालं की आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातो. पहिल्याच दिवशी अण्णांनी त्यांच्याबरोबर बाय-टू कॉफी मागवली, म्हणजे एक कॉफी दोघांत. कुलकर्णींना तो चक्क अपमान वाटला!

"स्वल्प अॅडजस्ट करा हो," अण्णा म्हणाले.

पुढे दोघांचं इतकं जमलं, की बाय-टू गोळ्यांपर्यंत पोचलं. एक जण गोळी विसरला की दुसरा आपली काढून द्यायचा. दोघांचीही कोलेस्टेरॉलचीच, मग काय बिघडलं?

*

अण्णांच्या हृदयात स्टेंट होता. त्याचं त्यांना भारी कौतुक. कुणी तब्येत विचारली की म्हणायचे, "अख्ख्या बेंगळुरात ट्रॅफिक मोकळं असेल तर फक्त माझ्या छातीत!"

*

मग यशवंतपूरला एका लग्नात जेवण झाल्यावर कुलकर्णींच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. हॉलच्या फरशीवर ते अक्षरशः गडाबडा लोळले. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन झालं आणि पठ्ठ्या खडे बाटलीत घालून हॉटेलात दाखवायला घेऊन आला. गिऱ्हाईकं इडली खाताहेत, ती बाटली आधी आत ठेवा, असं मॅनेजरनं हात जोडून सांगितलं.

डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं होतं. त्यांची गोळी ट्रायग्लिसराइडची, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीची. ती घेतल्यावर पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं आणि काहींना त्याचे खडे होतात. कुलकर्णींच्या डोक्यात यातलं एवढंच राहिलं, की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं खडे होतात.

*

त्या दिवसापासून त्यांनी अण्णांच्या मागे धोशा लावला. तुमचीही बंद करा. जे मी भोगलं ते तुमच्या वाट्याला नको. अण्णांची गोळी वेगळी असेल, आधी डॉक्टरांना विचारा, असं मी म्हणून पाहिलं.

"डॉक्टरांना विचारूनच मला खडे झाले!" कुलकर्णी म्हणाले.

अक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, रोज बशीत गोळी काढून ठेवायच्या आणि समोर उभ्या राहायच्या. अण्णा ती जिभेखाली धरायचे आणि बाल्कनीत जाऊन जास्वंदीच्या कुंडीत टाकायचे. आम्हाला मोठ्या खुशीत सांगायचे, "जास्वंदीचं कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल!"

आम्ही हसलो. आज ते हसू आठवलं की कसंतरीच होतं.

*

गेल्या आठवड्यात कॉफी झाल्यावर अण्णा हॉटेलबाहेरच्या कट्ट्यावर बसले. छातीखाली दाटल्यासारखं होतंय म्हणाले. मलाही खडे झाले बहुतेक, असं म्हणून हसले आणि सोडा मागवायला सांगितला. कुलकर्णी त्यांच्याकडे बघत राहिले. अण्णा घामानं निथळत होते, पण जागच्या जागी, जराही न हलता बसले होते.

"हे खड्याचं दुखणं नाही," कुलकर्णी म्हणाले. "मला एका जागी बसवत नव्हतं. रिक्षा थांबवा."

हॉस्पिटलमध्ये अण्णांना लगेच आत नेलं. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. हार्ट अॅटॅक होता, अजून काही सांगता येत नाही म्हणाले. गोळी चालू होती का, असं त्यांनी विचारल्यावर कुलकर्णींनीच सगळं सांगितलं. डॉक्टरांचा आवाज चढला नाही. खडे होतात ती गोळी तुमची, म्हणाले. यांची वेगळी होती, ती हृदयासाठी होती, बंद करायलाच नको होती.

डॉक्टर आत गेले. थोड्या वेळानं निरोप मिळून अक्का आल्या आणि बाकावर बसल्या. कुलकर्णी अक्कांसमोर जाऊन उभे राहिले.

"अक्का, गोळी बंद करा असं मीच सांगितलं होतं त्यांना."

अक्कांनी मान वर केली.

"गोळीचं मला नाही बोलले ते," त्या म्हणाल्या. "एक दिवस घरी येऊन म्हणाले, अगं, कुलकर्णींनी आज माझा हात धरून सांगितलं, तुम्हाला काही व्हायला नको. माझी एवढी काळजी करणारा दोस्त मिळाला बघ, म्हणाले. त्या दिवशी किती खुशीत होते."