ताळेबंदाबाहेरचं मेंढरू

सी.ए.च्या शेवटच्या परीक्षेचं ते पुस्तक इतकं जाड होतं की बिदरजवळच्या नौबादच्या माझ्या खोलीतल्या पलंगाचा पाय मोडला तेव्हा मी ते खाली लावलं, तर पलंग त्या बाजूनं उचलला गेला आणि मी आठवडाभर उतारावर झोपलो. खोटं वाटत असेल तर घरमालकाला विचारा. तो आता नाही, पण असता तर हो म्हणाला असता.

त्या पुस्तकात होल्डिंग कंपन्यांचं प्रकरण होतं. एक कंपनी दुसरीचे बहुतेक शेअर घेऊन तिची मालकीण होते, आणि मग दोघींचे ताळेबंद मिसळून एकच मांडायचा. ऐकायला सोपं. पण ते पान उघडलं की माझ्या तळव्यांना असा घाम सुटायचा की शाई फुटून पुढची चार पानं निळी व्हायची. डोक्यावरून बिदरच्या हवाई दलाच्या तळावरची शिकाऊ विमानं घरघरत जायची. मला वाटायचं, त्यातला पोरगा सुखी. तो चुकला तर एकदाच पडणार. मी दर सहा महिन्यांनी पडत होतो.

दोनदा पडून झालं होतं. दोन्ही वेळा याच प्रकरणानं पाडलं. तिसऱ्या खेपेला अप्पा, म्हणजे माझे वडील, बिदरला आले, खोलीच्या उंबऱ्यावर बसले आणि हातातली काठी त्यांनी माझ्या पुस्तकावर आडवी ठेवली.

"ह्या बारीला पास झालास तर लई झाक. न्हाई तर ही काठी तुझी. अण्णाचे गुडघे गेलेत. मेंढरं कोण हाकणार, तुझा साहेब?"

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. कुणी म्हणेल, यात भिण्यासारखं काय? सांगतो. आमचं घर धनगराचं, निर्णा गावाच्या बाजूला आमचा कळप, आणि मी मेंढरांना भितो. आमच्या सात पिढ्यांत असा प्राणी झाला नव्हता. लहानपणी आमच्या एडक्यानं मला अशी धडक दिली की मी हुमनाबादच्या बाजारात जाऊन पडलो आणि तिथून बसनं परत आलो. तिकीट अण्णानं काढलं. तेव्हापासून त्या एडक्याच्या लेकरा-नातवंडांपर्यंत सगळ्यांना माझी ओळख होती. मी बांधावर दिसलो की ते चरायचं सोडून डोकं खाली घालत.

तर एका बाजूला होल्डिंग कंपनी, दुसऱ्या बाजूला एडका, आणि मधे मी.

बिदरात ज्या साहेबांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, ते तिसऱ्या पिढीचे शिकलेले. त्यांच्या घरात मांजरसुद्धा हिशोबानं दूध पीत असावं. मी त्यांना विचारलं, "साहेब, खालच्या कंपनीत चौथा हिस्सा परक्यांचा आहे. मग तिची मालमत्ता आपण सगळीच्या सगळी का मिसळायची? तीन हिस्से घ्यावेत की."

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "सांभाळतंय कोण? बापकंपनी. मग कळप सगळा तिच्याकडंच दिसणार ना? परक्यांचा हिस्सा वेगळा दाखवायचा, झालं."

कळप हा शब्द ते सहज बोलून गेले. माझ्या डोक्यात मात्र दिवा असा लागला की ऑफिसात कुणीतरी पंखा बंद केला असेल, वीज पुरावी म्हणून.

कारण आमचा कळप तसाच होता. मेंढरं आमची, चुलत्यांची, सोयऱ्यांची, पण चालायची सगळी अप्पांच्या काठीमागं. आणि त्यात एक मेंढी मल्लण्णाची. देवाला सोडलेली. कपाळावर भंडारा, कानाला मालकीचा चिरा नाही. ती कळपातच चरते, वाघरातच बसते (वाघूर म्हणजे आमचं जाळीचं कुंपण), पण ती आपली नाही. मी साहेबांना म्हणालो, "म्हणजे परक्यांचा हिस्सा हे देवाचं मेंढरू! कळपात, पण आपलं नाही."

"व्हय, तसंच समज," साहेब खूश होऊन म्हणाले, "पण पेपरात मल्लण्णाचं नाव लिहू नको."

एवढंच झालं. देवाच्या मेंढराबद्दल पुढची गोष्ट साहेबांना ठाऊक असायचं कारण नव्हतं आणि मला ती सांगायचं सुचलं नाही. ती गोष्ट अशी की देवाचं मेंढरू मोजत नाहीत. संध्याकाळी मेंढरं वाघरात शिरताना अप्पा एकेक मोजायचे, आणि ती मेंढी आली की आकडा ओठांवरच थांबवून ती आत जाईस्तोवर आभाळाकडं बघायचे. आमच्यातल्या एका शहाण्यानं म्हणे ती मोजली, तर पहाटेला लांडगे आले. किती? अप्पांच्या तोंडी ते दर वर्षी वाढत. माझ्या लहानपणापर्यंत त्यांची पलटण झाली होती.

खोलीवर मी ती उदाहरणं धडाधड सोडवू लागलो. पुस्तकात मागं उत्तर छापलेलं असायचं, त्याचं बोट धरून हात चालायचा. भीती थोडी बसली. मला वाटलं, जिंकलं.

परीक्षा हैदराबादला, मे महिन्यात. हॉलमध्ये पंखे होते, पण ते गरम वारा एका पोरावरून दुसऱ्यावर नुसता वाटून देत होते. पेपर हातात आला. पहिलाच प्रश्न होल्डिंग कंपनीचा. माझ्या गुडघ्यांनी बाकाखाली असा ताशा धरला की पुढचा उमेदवार वळून म्हणाला, "अरे मियाँ, बारात है क्या?"

लिहायला लागलो. परक्यांचा चौथा हिस्सा काढला, टिपणात बाजूला ठेवला. बाकीचं मिसळलं. मालमत्तेची बेरीज, देण्यांची बेरीज. जुळेना. मालमत्ता जास्त, देणी कमी. पुन्हा केली. तेवढाच फरक. तिसऱ्यांदा बेरीज करताना आकड्यांना शिंगं दिसायला लागली. अप्पांची काठी डोक्यात टकटक करायला लागली. घड्याळाकडं बघायची छाती होईना.

मग तो फरक टिपणाशेजारी ठेवून बघितला. फरक म्हणजे नेमका तो बाजूला ठेवलेला चौथा हिस्सा. मी तो काढला होता, आदरानं एका कडेला ठेवला होता, आणि ताळेबंदात घेतलाच नव्हता. छापील उत्तराचं बोट सुटलं तसा हात घरच्या वळणावर गेला होता. देवाचं मेंढरू आलं, आणि मी आभाळाकडं बघितलं होतं.

आता एक ओळ लिहायची होती. देण्यांच्या बाजूला, परक्यांचा हिस्सा, इतके इतके. पेन टेकवलं आणि ते पुढं सरकेना. हसू नका. मी अॅडव्हान्स्ड अकाउंट्स शिकलेला माणूस, इंग्रजीत सही करणारा. पण त्या क्षणी माझी पक्की खात्री होती की ही ओळ लिहिली की तिकडं निर्ण्याच्या रानात लांडगे उठणार. न लिहावी तर एडका, लिहावी तर लांडगे.

डोळे मिटून लिहिली. बेरीज जुळली, पैशासकट.

बाकीची पोरं दुपारी बाहेर येऊन चहाला गेली. तो शेवटचा पेपर होता. मी बसस्टँड गाठला. जहिराबादेपर्यंत उभा, पुढं टपावर, त्याच्या पुढं तर बसच्या पुढं पळत, असं मी सांगत आलोय. खरं एवढंच की बसमध्ये माझे दात वाजत होते, आणि मे महिना होता.

रानात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. अण्णा वाघराचे खुंटे ठोकत होता.

"सगळी हायत का?" मी लांबूनच ओरडलो.

"हायत की. कामून वरडायलास? पेपर फाडून आलास का काय?"

अप्पा वाघराच्या तोंडाशी बसले होते. मी त्यांच्याजवळ उकिडवा बसलो आणि वाकड्या वाटेनं शिरलो. "अप्पा, समजा कुणी देवाचं मेंढरू मोजलं..."

"कुणी मोजलं?"

"एका कंपनीनं."

"कंपनीला कुठला देव?" अप्पा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "पर लिवणाऱ्याला असतो. तूच मोजलास."

मी मान हलवली. अण्णाचा हातोडा थांबला. मला वाटलं, आता काठी पाठीत.

"मोजल्याबिगर पास व्हईत न्हाईत का तिथं?" अप्पा म्हणाले.

"न्हाई."

अप्पांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडून माझ्या हातात दिली. "मग जा. मोजलास ना, आता तिच्या कपाळाला तूच लाव. आन् सांग तिला कामून मोजलास ते."

मेंढी वाघराच्या पार मधोमध होती. तिच्या शेजारी एडका. माझ्यापासून तिथपर्यंतची वाट, काय सांगू, हैदराबादच्या वाटेहून लांब. मी आत शिरलो. मेंढरं दोन्ही बाजूंना सरकली. एडक्यानं डोकं खाली घातलं. पुटपुटत मी भंडारा तिच्या कपाळाला लावला. अर्धा एडक्याच्या नाकावर सांडला. तो शिंकला. मी तीन हात उडालो, आणि मागं अण्णा हसून हसून खुंट्याला धरून खाली बसला.

"काय सांगितलास तिला?" अप्पांनी विचारलं.

"ताळेबंद जुळत नव्हता म्हणून."

"मग?"

"तिनं कान हलवला."

लांडगे आले नाहीत. निकाल आला तेव्हा पेरण्या झाल्या होत्या. पास झालो, त्या पेपरात अगदी काठावर. अप्पांनी काठी स्वतःकडंच ठेवली आणि कळपासाठी एक गडी ठेवला. पण भंडाऱ्याची पिशवी त्यांनी परत मागितली नाही. दर वर्षी वैशाखात ते निरोप धाडायचे, आणि मी, चष्मा लावलेला, पोट सुटलेला सी.ए., धोतर खोचून त्या वाघरात शिरायचो. मेंढ्या बदलत गेल्या, एडके बदलत गेले. डोकं खाली घालणं मात्र त्यांनी एकमेकांना शिकवून ठेवलं होतं.