कार्ड सासरीच राहिलं

पातूरजवळच्या आमच्या गावात मैनाबाईंना आशाताई होऊन चौदा वर्षं झाली. मी तिथल्या उपकेंद्राची सिस्टर, त्यामुळे त्यांची चिडचिड रोज माझ्याच कानावर. चिडायचं कारण एकच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आठव्या महिन्यात पोरगी निघाली की सोबत लाडू जातात, शेव जाते, दुपटी जातात. तपासणीचं कार्ड तेवढं सासरच्या कपाटात राहतं. रक्तदाब वाढलाय, गोळी चालू आहे, हे सगळं त्या कार्डावर. माहेरच्या आशाताईला काही माहीत नसतं आणि सासरची म्हणते, ती आता माझ्याकडे नाही. झालं!

मैनाबाई दारातूनच ओरडायच्या, "डब्बे भरभरून लाडू देता, अन् एक कागद द्याले हात दुखते काय तुमचे?"

गेल्या वर्षी त्यांचीच सून प्रणाली दर्यापूरकडे माहेरी गेली. तिचा वाढलेला रक्तदाब मीच कार्डावर लिहिला होता, गोळ्याही मीच दिल्या होत्या. तपासणीनंतर कार्ड मैनाबाईंनी स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि ते तिथंच राहिलं. आशाच्या घरची सून, तिचं काय विचारायचं, म्हणून मीही विचारलं नाही. या अकलेला काय म्हणावं!

दहा दिवसांत गोळ्या संपल्या. प्रणालीचं डोकं ठणकायला लागलं, पाय सुजले. तिची आई म्हणाली, "पहिलटकरणीचे पाय सुजतेच, त्याले काय होते!" झटके आले तेव्हा गाडी बोलावली. अमरावतीला पोचायच्या आत प्रणाली पोटातल्या बाळासकट गेली. कार्ड पिशवीत सापडल्याचं मैनाबाईंनीच मला सांगितलं. मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा.

दोन महिन्यांनी आम्ही वच्छलाबाईंच्या दारात उभ्या होतो. त्यांची सून साधना माहेरी निघाली होती, जीप दारात लागली होती. मैनाबाईंनी कार्ड मागितलं तशा वच्छलाबाई फटकन म्हणाल्या, "आमाले काहून शिकवता? तुमच्या घरी काय झालं, थे पाहा आंधी!"

माझा हात शिवशिवला. मैनाबाई मात्र जीपच्या दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्याच हातानं गेली माही सून. आता साधनाचं कार्ड आणा. त्याबिगर मी गाडी हलू देत नाई."